गोचीड : टेक्सासचे कुरण, पुण्याची प्रयोगशाळा आणि तापीकाठचा गोठा

#थ्रेड

शहादा तालुक्यातील अनेक गोठ्यांत दोन जनावरे शेजारी शेजारी बांधलेली दिसतात. एका दावणीला गावठी किंवा खिल्लारी वळणाचा बैल, दुसऱ्या दावणीला होल्स्टीन अथवा जर्सी रक्ताची संकरित गाय. चारा तोच, पाणी तेच, भिंत तीच. त्या भिंतीच्या फटीतून बाहेर पडणारी गोचीडही तीच. बैल कान झाडतो, शेपटी मारतो आणि रवंथ करीत राहतो. गाईला मात्र कडक ताप भरतो, खांद्यापुढच्या गाठी सुजतात, दूध आटते आणि वेळेत औषध मिळाले नाही तर ती दगावते. दूध डेअरीला घालून घर चालवणाऱ्या कुटुंबाची वर्षाची कमाई आठवड्याभरात जाते.

एकाच किड्याने एकाला सोडावे आणि दुसरीला मारावे, असे का? या प्रश्नाचे उत्तर शोधताना सव्वाशे-दीडशे वर्षे मागे आणि बरेच दूर जावे लागते.

आधी एक दुरुस्ती. वर 'किडा' म्हटले ते बोलीभाषेच्या सवयीने. गोचीड कीटक नाही. पूर्ण वाढलेल्या गोचिडीला आठ पाय असतात. ती कोळी आणि विंचू यांच्या कुळातली आहे. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी जमिनीवर पडते, हजारोंच्या संख्येने अंडी घालते आणि मरते. पुढच्या साऱ्या कथेत त्या अंड्यांना महत्त्व आहे.

तापीचे खोरे हा गुराढोरांचा जुना प्रदेश. गोमाई आणि तापी यांच्या संगमावरील प्रकाशे येथे 1955 साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बा. कृ. थापर यांनी उत्खनन केले आणि तेथील वस्ती थेट ताम्रपाषाणयुगापर्यंत मागे गेली. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या तॅव्हेर्निये सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे याच खोऱ्यातून, नंदुरबार आणि थाळनेर या मार्गाने गेला. देशभर धान्य आणि मीठ वाहणाऱ्या दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन त्याने केले आहे. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत आजही दूरदूरचे घोडे येतात. जनावर जिकडे जाते तिकडे गोचीड जाते. म्हणजे या मुलखाला गोचिडीची ओळख नव्याने करून द्यावी लागली नाही. गुराख्यांचे उपायही ठरलेले होते : हाताने वेचणे, कडुनिंबाचा पाला, करंजाचे तेल, आणि चरणाऱ्या गुरांच्या पाठीवर आपण होऊन बसणारे बगळे नि साळुंक्या.

ती उपद्रवी होती, पण संहारक नव्हती. संहार करणाऱ्या रोगाचे नाव वेगळे होते : बुळकांडी.

ही गोष्ट लक्षात ठेवून अमेरिकेत जाऊ.

तेथील यादवी युद्ध 1865 साली संपले. टेक्सासमध्ये लांब शिंगांच्या गुरांचे प्रचंड कळप होते आणि उत्तरेकडील शहरांना मांस हवे होते. कळप हाकत हाकत कान्ससकडे जाऊ लागले. ते ज्या कुरणांतून गेले, तेथील स्थानिक गुरे काही आठवड्यांनी पटापट मरू लागली. ताप, लाल लघवी, मृत्यू. टेक्सासची गुरे मात्र धडधाकट! उत्तरेकडील लोकांनी रोगाला 'टेक्सास फीव्हर' हे नाव दिले. टेक्सासच्या मालकांना तो अपमान वाटला, कारण त्यांच्या कळपात आजारी जनावर औषधालाही सापडत नसे. कान्ससचे शेतकरी बंदुका घेऊन रस्ते अडवू लागले. राज्यांनी कायदे करून सीमा बंद केल्या.

गुरे राखणाऱ्यांपैकी काही जण तेव्हाच म्हणत होते की हे गोचिडीचे काम आहे. विद्वानांनी ते हसण्यावारी नेले. गोचीड रक्त पिते, रोग कशी देईल?

सरकारी पशुउद्योग विभागात थिओबाल्ड स्मिथ नावाचा तिशीतला संशोधक होता. त्याचे प्रमुख डॅनिएल साल्मन. ('साल्मोनेला' जिवाणू प्रत्यक्षात शोधला स्मिथने, नाव लागले साहेबांचे. ही परंपरा जुनी आहे.) स्मिथने गुराख्यांचे म्हणणे गंभीरपणे घेतले. 1889 च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनजवळच्या प्रयोगक्षेत्रावर पशुवैद्य फ्रेड किलबोर्न याच्यासह त्याने कुंपण घातलेल्या शेतांत एक प्रयोग मांडला. तो इतका साधा आहे की शाळेतल्या मुलालाही समजावा.

पहिल्या शेतात दक्षिणेकडील गोचिडी लागलेली गुरे आणि उत्तरेकडील निरोगी गुरे एकत्र ठेवली. दुसऱ्या शेतात तशीच दोन्ही प्रकारची गुरे, पण दक्षिणेच्या गुरांच्या अंगावरील प्रत्येक गोचीड हाताने वेचून काढलेली. तिसऱ्या शेतात दक्षिणेचे एकही जनावर नाही. नुसत्या गोचिडी आणून गवतात टाकल्या. पहिल्या शेतात उत्तरेची गुरे आजारी पडली. दुसऱ्यात पडली नाहीत. तिसऱ्यात पुन्हा पडली.

पुढचा धक्का अंड्यांनी दिला. प्रयोगशाळेत अंड्यांतून निघालेली, आयुष्यात कधी जनावर न चावलेली पिल्ले निरोगी गाईवर सोडली, तरीही गाईला ताप आला. आईने प्यालेल्या रक्तातला रोगजंतू अंड्यांतून पुढच्या पिढीत उतरत होता. हा एकपेशीय जंतू तांबड्या रक्तपेशी फोडतो, म्हणून लघवी लाल होते. आज त्याला बबेसिया म्हणतात. व्हिक्टर बाबेश यांनी 1888 साली रुमानियात तसाच जंतू पाहिला होता, त्यांच्या नावावरून.

1893 साली हा अहवाल प्रसिद्ध झाला. चावणारा क्षुद्र जीव एका प्राण्याचा रोग दुसऱ्याला देतो, याचा असा चोख प्रायोगिक पुरावा त्यापूर्वी नव्हता. रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला तो 1897 साली, म्हणजे चार वर्षांनंतर. रॉसला नोबेल मिळाले, स्मिथला नाही. आणि गोचिडीचे जीवनचक्र उलगडणाऱ्या कूपर कर्टिसचे नाव अहवालाच्या मुखपृष्ठावरही आले नाही.

टेक्सासची गुरे का मरत नव्हती, याचेही उत्तर यातून निघाले. ती वासरू असतानाच गोचिडी चावत, सौम्य आजार होई आणि आयुष्यभराची प्रतिकारशक्ती मिळे. निरोगी दिसणारे ते जनावर जंतू मात्र अंगात बाळगून असे. उत्तरेची गुरे मोठेपणी पहिल्यांदा चावली जात आणि मरत. शहाद्याच्या गोठ्यातील बैल आणि गाय यांच्याशी याचे साम्य आताच मनात नोंदवून ठेवावे.

योगायोग असा, की ज्या 1889 साली वॉशिंग्टनजवळ हा प्रयोग सुरू झाला, त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्यात इंपिरियल बॅक्टेरियॉलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. प्रमुख डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ही तिचीच वारस. मुंबईत परळचे पशुवैद्यक महाविद्यालय त्याआधीच, 1886 साली सुरू झाले होते. म्हणजे माणसे होती, संस्था होत्या. मग गोचिडीवरचा मोठा प्रयोग पुण्यात का झाला नाही?

कारण येथे प्रश्नच वेगळा होता. सरकारपुढे बुळकांडी होती, आणि लष्कराच्या घोड्यांना व उंटांना मारणारा 'सर्रा' होता. बुळकांडीसारख्या संसर्गजन्य रोगाचे जंतू घेऊन भरवस्तीजवळ काम करणे धोक्याचे, म्हणून 1893 साली प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलली. 1897 साली तेथे खुद्द रॉबर्ट कॉख येऊन गेले, तेही बुळकांडीसाठीच. ज्या देशात गोचिडीने गुरे मरत नाहीत, त्या देशातील सरकार गोचिडीवर पैसा खर्च करीत नाही. यात वसाहतवादी दुष्टावा शोधण्याची गरज नाही. आगीचा बंब जळत्या घराकडेच जातो.

1906 हे वर्ष मात्र विलक्षण आहे. या वर्षी खानदेश जिल्ह्याची पूर्व आणि पश्चिम अशी फाळणी झाली आणि शहादा पश्चिम खानदेशात गेले. याच वर्षी अमेरिकेच्या केंद्र सरकारने दक्षिणेकडील राज्यांतून गोचीड समूळ नष्ट करण्याची मोहीम हाती घेतली. आणि याच वर्षी टेक्सासचा एक पशुपालक, ए. पी. बोर्डन, गुरे विकत घेण्यासाठी भारतात आला.

आधी मोहीम. पद्धत सरळ होती : जमिनीत लांब खोल हौद बांधायचा, त्यात सोमलाचे पाणी भरायचे आणि दर दोन आठवड्यांनी प्रत्येक गुराला त्यातून पोहत न्यायचे. मोठ्या पशुपालकांना ते परवडले. दोन-चार गुरे असलेल्या गरीब शेतकऱ्याला दर पंधरवड्याला काम सोडून मैलोन्मैल गुरे हाकत न्यावी लागत. त्याचा नफा त्याला दिसत नसे, सक्ती मात्र दिसे. अनेक ठिकाणी लोकांनी रातोरात सुरुंग लावून हौद उडवले, निरीक्षकांवर हल्ले केले. 1897 च्या प्लेगच्या वेळचे पुणे ज्यांनी वाचले आहे, त्यांना हे अनोळखी वाटणार नाही. तरीही मोहीम पुढे रेटली गेली आणि 1943 साली पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. मेक्सिकोच्या सीमेवरील टेक्सासची एक पट्टी तेवढी राहिली. तेथे आजही घोडेस्वार निरीक्षक गस्त घालतात.

हा विजय कशामुळे शक्य झाला, ते नीट पाहिले पाहिजे. अमेरिकेतील ही गोचीड पिल्लापासून प्रौढ होईपर्यंतचे तीन आठवडे एकाच जनावराच्या अंगावर काढते. म्हणून दर पंधरवड्याला जनावर बुडवले की तिला सुटायला वाट उरत नाही. विष जालीम होते हे खरे, पण त्याहून मोठी गोष्ट ही की गोचिडीची सवय त्या विषाला सोयीची होती.

आता बोर्डन. गोचीडतापाने हैराण झालेल्या टेक्सासच्या पशुपालकांच्या लक्षात आले होते की वशिंड असलेल्या भारतीय रक्ताच्या जनावरांवर गोचिडी कमी टिकतात. बोर्डनने नेलेल्या कळपात अमेरिकेच्या किनाऱ्यावरील विलगीकरणात सर्रा आढळला, काही जनावरे मारावी लागली. उरलेली टेक्सासला पोहोचली. अशा आयातींतून पुढे अमेरिकन 'ब्राह्मन' ही जात घडली. तिच्या पूर्वजांत कांकरेज, ओंगोल आणि गीर यांच्यासह कृष्णाखोरे ही आपल्या सांगली-मिरजेकडच्या कृष्णाकाठची जातही मोजली जाते. ब्राझीलनेही गीर आणि ओंगोल नेऊन आपला पशुधंदा उभारला.

यात गूढ काही नाही. सध्या शास्त्रज्ञ जिला ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस म्हणतात ती गोचीड मूळची आशियातलीच मानली जाते. ती आणि वशिंडाची गाय हजारो वर्षे एकमेकींसोबत राहिली. त्या काळात ज्यांची त्वचा गोचिडीला लवकर ओळखून प्रतिकार करी, जी जनावरे अंग चाटून पिल्ले काढून टाकीत, ती टिकली. युरोपच्या गाईला ही तालीम कधी मिळालीच नाही. येथे एक खबरदारी हवी. 'देशी गाईला रोग होत नाही' हे जे वाक्य सर्रास फिरते, ते चूक आहे. देशी गाईला बुळकांडीने लाखोंनी मारले. तिची प्रतिकारशक्ती ज्या शत्रूसोबत ती वाढली, त्याच्यापुरती आहे.

ऑस्ट्रेलियाचा अनुभव यात भर घालतो. 1872 साली बटाव्हियाहून डार्विनला आणलेल्या गुरांसोबत गोचीड तेथे उतरली आणि काही दशकांत क्वीन्सलँडभर पसरली. तेथेही सोमलाचे हौद बांधले. 1930 च्या दशकात सोमलाला न जुमानणाऱ्या गोचिडी आढळल्या. मग डीडीटी आले. त्यालाही त्या सरावल्या. मग ऑर्गॅनोफॉस्फेट, मग सायपरमेथ्रीनच्या कुळातली औषधे. प्रत्येक नव्या विषाला पहिली काही वर्षे यश, नंतर माघार. एक मादी हजारो अंडी घालते. त्यांतले एखादे पिल्लू विषाला दाद देत नसेल, तर पुढची पिढी त्याचीच. अखेर ऑस्ट्रेलियन संशोधकांनी साहिवाल आणि लाल सिंधी यांच्या संकरातून गोचिडीला तोंड देणारी दुभती गाय तयार केली.

म्हणजे जग गोचिडीसाठी भारतीय रक्त शोधत होते. आणि त्याच सुमारास भारत दुधासाठी युरोपीय रक्त आणत होता.

यालाही सबळ कारण होते. गावठी गाईच्या एक-दोन लिटर दुधावर घर चालत नव्हते. गांधीजींसोबत 1946 साली उरुळी कांचनला आलेल्या मणिभाई देसाईंनी तेथे गीर गाईंचा उत्तम कळप उभा केला. ते देशी गाईचे विरोधक खचितच नव्हते. तरी 1967 साली 'बाएफ' ही संस्था स्थापून त्यांनी गोठवलेले वीर्य शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेले आणि संकरित गाय महाराष्ट्राच्या खेड्यांत पोहोचवली. 1970 पासून दूधमहापूर योजनेने त्या दुधाला बाजार दिला. गावठी गाय जेवढे आठवड्यात देई, तेवढे दूध संकरित गाय एका दिवसात देऊ लागली. मणिभाईंचा हिशेब चुकला असे आज मागे वळून म्हणणे सोपे आहे, पण अल्पभूधारकाच्या घरात त्या दुधाने जो पैसा आला तो खरा होता.

फक्त त्या गाईबरोबर गोठ्यात टेक्सास आणि कान्ससची जुनी सीमारेषा आली. ती आता दोन राज्यांमधून न जाता दोन दावणींमधून जाऊ लागली. जंतू अंगात बाळगून निरोगी राहणारा बैल हा टेक्सासचा. ती गाय कान्ससची.

येथील मुख्य मारेकरी मात्र वेगळा आहे. त्याचे नाव थायलेरिया, आणि त्याला वाहणारी गोचीड हायलोमा जातीची. थायलेरियाचे वागणे थरारक आहे. तो पांढऱ्या रक्तपेशींत शिरतो आणि त्यांना अखंड विभागत राहायला लावतो. पेशी फुटत जातात तशा गाठी सुजतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे चित्र कर्करोगासारखे दिसते. फरक एवढाच, की औषधाने जंतू मेला की पेशी पुन्हा ताळ्यावर येते. म्हणून गाईच्या या रोगात कर्करोगाच्या अभ्यासकांनाही रस आहे. बुपारव्हाक्वोन हे त्यावरचे औषध 1980 च्या दशकात आले. ते लवकर टोचले तर गाय वाचते. उशीर झाला तर महागडी सुई वाया जाते.

आणि हायलोमाची सवय अमेरिकन गोचिडीच्या उलट आहे. ती एका जनावरावर मुक्काम करीत नाही. रक्त पिऊन खाली उतरते, भिंतीच्या भेगेत किंवा गव्हाणीच्या सांदीत लपते, कात टाकते आणि नव्या जनावरावर चढते. तिच्या आयुष्याचा मोठा भाग गाईच्या अंगावर जातच नाही. गाईवर कितीही फवारले तरी भिंतीतली फौज शाबूत राहते. टेक्सासमध्ये जिंकलेली युक्ती मातीच्या भिंतींच्या गोठ्यात अपुरी पडते ती यामुळे. पशुवैद्य भेगा लिंपायला, भिंतींना चुना लावायला आणि औषध भिंतींवरही मारायला सांगतात, ते याच कारणासाठी.

लसीचाही मार्ग निघाला. प्रयोगशाळेत वाढवून दुर्बळ केलेल्या थायलेरियाची लस राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सने 'रक्षाव्हॅक-टी' या नावाने आणली. अडचण अशी, की ही लस जिवंत पेशींची आहे आणि ती उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्येच टिकते. गंमत पाहा : संकरित गाय ज्या वीर्यकांडीतून जन्मली, ती गावात येते तीही द्रव नायट्रोजनच्याच भांड्यातून. कांडीचे भांडे सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत पोहोचले. लसीला तशी वाट सहज मिळाली नाही. एका कुपीत अनेक जनावरांचे डोस असतात आणि वितळल्यावर ती लगेच वापरावी लागते. दोन गाई असलेल्या घरासाठी ती कोण फोडणार?

गोचीडच मारणारी लसही आहे. ऑस्ट्रेलियन संशोधनातून निघालेली ही लस 1990 च्या दशकात क्यूबा आणि ऑस्ट्रेलियात बाजारात आली. तिची कल्पना सुंदर आहे : गोचिडीच्या आतड्यातील एक प्रथिन गाईला टोचायचे. गाईच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. गोचीड ते रक्त पिते आणि तिचे स्वतःचेच आतडे निकामी होते. पण ही लस मायक्रोप्लससाठी घडवलेली. भिंतीत राहणाऱ्या हायलोमाला ती सारखीच लागू पडेल असे गृहीत धरता येत नाही.

हा प्रश्न गोठ्यापुरताही राहिलेला नाही. 1957 साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली, पाठोपाठ माणसे. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने शोध घेतला तेव्हा वाहक निघाली जंगलातली गोचीड, आणि तिची संख्या वाढवायला हातभार लागला होता जंगलात चरणाऱ्या गुरांचा. हाच रोग 2016 साली सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांदा भागात आला. जानेवारी 2011 मध्ये अहमदाबादजवळच्या साणंद तालुक्यात क्रिमियन-काँगो ताप निश्चित झाला. तेव्हा पुण्याच्या त्याच संस्थेने, आताच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, निदान केले. तो वाहणारी गोचीड हायलोमा कुळातलीच. 2020 साली गुजरातेतील रुग्णांमुळे पालघर जिल्ह्यात पशुपालकांना आणि मांसविक्रेत्यांना सावधानतेचा इशारा दिला गेला. नंदुरबार जिल्ह्याची सीमाही गुजरातला लागून आहे, आणि गुरांचा बाजार सीमेपाशी थांबत नाही.

बुळकांडी गेली, 2011 साली ती जगातून नाहीशी झाल्याचे अधिकृतपणे जाहीर झाले. जिच्यासाठी पुण्याची प्रयोगशाळा मुक्तेश्वरला गेली, ती लढाई संपली. तेव्हा दुय्यम ठरलेली गोचीड मात्र आहे तेथेच आहे. उन्हाळा तापू लागला की भिंतीच्या भेगांतून ती बाहेर पडते आणि पावसाळ्याच्या दमट दिवसांत तिचे पीक येते. त्या दिवसांत शहाद्याकडचे पशुवैद्य आजारी संकरित गाईपाशी पोहोचल्यावर आधी तापमान पाहतात आणि मग खांद्यापुढची गाठ चाचपतात.